श्वास नियमित

दापोलीहून आलेली तक्रार वाचून सुनेत्रा ऐवळेला आधी हसूच आलं. कुणा नातीनं लिहिलं होतं, "आजोबा माझ्यासमोर बसून पावट्याच्या शेंगा सोलतायत आणि तुमचं यंत्र म्हणतंय, खोली रिकामी आहे. आम्ही काय समजायचं?" तक्रार बघणाऱ्या पोरांनी तिला नेहमीचं उत्तर ठोकून दिलं होतं, की यंत्र भिंतीला नीट चिकटवा. नातीनं ते उपटून पुन्हा चिकटवलं, तरी यंत्राच्या लेखी आजोबा गायब ते गायबच. शेवटी ती तक्रार फिरत फिरत सुनेत्राच्या टेबलावर येऊन पडली.

यंत्राचं नाव होतं 'सोबत'. साबणाच्या वडीएवढा पांढरा डबा. पलंगाच्या उशाकडच्या भिंतीवर तो चिकटवायचा आणि विसरून जायचं. त्याला कॅमेरा नव्हता, अंगाला वायर लावायची नव्हती. घराघरात वायफायच्या लहरी असतातच. माणूस श्वास घेतो तेव्हा त्याची छाती जराशी वर येते आणि तिच्यावर आपटून परतणाऱ्या लहरीत तेवढाच फरक पडतो. 'सोबत' तो फरक ओळखायची. पुण्यात, बंगळुरात, परदेशात राहणाऱ्या लेकरांना गावाकडच्या आईबापांचा श्वास फोनवर दिसायचा: वरखाली होणारी हिरवी रेघ आणि तिच्याखाली दोन शब्द, 'श्वास नियमित'. झोपेत श्वास फार वेळ थांबला तर रेघ लाल व्हायची आणि डबा मोठ्यानं कोकलायचा.

त्या दोन शब्दांवर कंपनी चालली होती. खोटं कशाला बोला, सुनेत्राही त्यांच्यावरच चालली होती. आधी ती रोज संध्याकाळी इचलकरंजीला आप्पांना फोन करायची. जेवायला काय केलंत, गोळी घेतलीत का, नळाला पाणी आलं का. बोलण्यात काही राम नसायचा, पण फोन व्हायचा. दिवाळीत तिनं स्वतः जाऊन त्यांच्या भिंतीला 'सोबत' चिकटवली आणि फोन हळूहळू कमी झाले. कशाला करायचा? दिसतंय ना सगळं. असं म्हणता म्हणता संक्रांत गेली, होळी गेली.

सुनेत्राचं काम 'सोबत'च्या पत्रिकेचं. हा शब्द ऑफिसातला. जगभर त्याला डिव्हाइस ट्री म्हणतात. मोठ्या संगणकाला आपल्या पोटात काय काय आहे ते विचारून घेता येतं. तो हाक मारतो आणि बरेचसे भाग आपापली नावं सांगतात. छोट्या यंत्रात ही चैन नसते. सर्किट बोर्डावर डकवलेली वायरलेसची चिप मुकी असते, आणि ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, जागा होतो तेव्हा त्याला काहीच ठाऊक नसतं. म्हणून त्याला लिहून द्यावं लागतं. चिप या तारेवर आहे. तिला इतका वीजदाब लागतो. तिला उठवायचं तर या पिनला धक्का दे, तिला काही सांगायचं असलं तर ती त्या पिनवर टकटक करेल. तिला दोन अँटेना आहेत, पहिली खोलीकडची आणि दुसरी भिंतीकडची. हे लिखाण यंत्राच्या जन्माबरोबर मांडतात आणि पुढं त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतात, म्हणून ती पत्रिका. नाक पाठीवर आहे असं पत्रिकेत लिहिलं तर कर्नल मुकाट्यानं पाठीनं वास घ्यायला लागेल.

दोन अँटेना मुद्दाम होत्या. या लहरींना भिंतीची फारशी पत्रास नसते. साधी विटांची भिंत असेल तर पलीकडे झोपलेल्या माणसाची छातीसुद्धा त्यांना कळते. म्हणून परतलेली लहर आधी कुठल्या अँटेनाला पोचली ते बघायचं. खोलीकडच्या अँटेनाला आधी पोचली तर माणूस आपला. भिंतीकडच्या अँटेनाला आधी पोचली तर तो शेजारचा, सोडून द्यायचा.

सुनेत्रानं बोर्डांचे नकाशे काढणाऱ्या सुजय कर्णिकला गाठलं. तो डबा उघडून पोळीभाजी खात होता.

"दापोलीला कुठला बोर्ड गेलाय रे?"

"नवा असेल. दसऱ्यानंतर सगळा नवाच जातोय."

"नवा म्हणजे? मला कुणी बोललं नाही."

"बोलण्यासारखं काय त्यात? अँटेनाचा जुना तुकडा बाजारात मिळेना, दुसऱ्याचा घेतला. त्याची तोंडं उलटी होती म्हणून दोन रेषांची अदलाबदल केली. किरकोळ काम."

"आणि बोर्डाचं नाव?"

"तेच ठेवलं. नाव बदललं असतं तर रेडिओचा परवाना पुन्हा काढावा लागला असता. कोण बसणार तेवढं थांबून?"

"सुजय, पहिली अँटेना खोलीकडची, असं पत्रिकेत लिहिलंय."

तो चावायचा थांबला. "तुमच्या लक्षात येईल असं वाटलं होतं," तो म्हणाला.

बोर्डवाल्यांना वाटलं, सॉफ्टवेअरवाले बघून घेतील. सॉफ्टवेअरवाल्यांना वाटलं, बदल झाला तर बोर्डवाले सांगतील. कारखान्यात दिवा हिरवा लागतो का आणि वायफाय जोडलं जातं का, एवढंच बघत. तिथं उशाशी झोपून श्वास घ्यायला माणूस कुठला ठेवणार?

म्हणजे दापोलीची 'सोबत' आजोबांना सोडून परसातल्या केळी बघत होती. केळी श्वास घेताना दिसत नाहीत, म्हणून खोली रिकामी. सुनेत्राला पुन्हा हसू येणार होतं, तेवढ्यात तिच्या मनात आलं, की मग फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांच्या तक्रारी का येत नाहीत? आणि तिचं तिलाच उत्तर मिळालं. फ्लॅटच्या भिंतीपलीकडे केळी नसतात. तिथं कुणीतरी झोपलेलं असतं.

दिवाळीत तिनं दोन डबे नेले होते. एक आप्पांना, एक शेजारच्या हमीदाकाकू मोमीन यांना. दोन्ही घरांत पलंगाचं उसं एकाच सामाईक भिंतीला होतं. भिंतीच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक, असे दोन्ही डबे तिनं स्वतःच्या हातानं चिकटवले होते.

तिनं जिन्यात जाऊन फोन लावला. दुसऱ्या हातातल्या टॅबवर आप्पांची हिरवी रेघ संथ वरखाली होत होती.

"आज वाट चुकलीस व्हय?" आप्पा म्हणाले. धोंडीराम ऐवळे म्हणजे एके काळी इचलकरंजीतल्या लग्नांचा क्लॅरिनेट. वरात पुढं सरकली तरी यांचा सूर मागं कोपऱ्यावर ऐकू यायचा, अशी ख्याती.

"आप्पा, कुठं आहात?"

"पलंगावर. आत्ताच जेवलोय."

"तिथंच बसा आणि श्वास रोखून धरा."

"हे काय आणि नवीन?"

"धरा हो. मी सांगेपर्यंत सोडू नका."

पलीकडे शांतता झाली. सुनेत्रा टॅबकडे बघत राहिली. रेघ वर गेली, खाली आली. पुन्हा वर गेली. थांब ना, थांब, असं ती मनात म्हणत होती. रेघ कुणाच्या तरी झोपेतली, अगदी निवांत, खाली येऊन पुन्हा वर निघाली. खाली लिहिलेलं होतं, 'श्वास नियमित'.

तेवढ्यात आप्पांनी श्वास सोडला आणि त्यांना खोकला आला. बराच वेळ आला.

"आप्पा, एवढ्यात सोडलात?"

"वय झालं की गं."

लहानपणी ती त्यांच्या पुढ्यात बसून बघायची. अख्खी ओळ एका दमात काढून ते भुवया उडवायचे, अजून शिल्लक आहे म्हणून. त्या माणसाला आता फोनवर दोन वाक्यं बोलायचा श्वासही पुरत नव्हता, आणि हे तिला आज कळत होतं.

"मागच्या वेळी म्हणालात, रोज वाजवताय."

"तुला बरं वाटावं म्हणून म्हणलो. दिवाळीपास्नं पेटी उघडली न्हाई. पडलं की छातीवर दगड ठेवल्यागत हुतंय." मग जरा थांबून ते म्हणाले, "पर तुझं यंत्र हाय की. ते काय म्हणतंय?"

सुनेत्रानं टॅब पायरीवर उलटा ठेवला. ती म्हणाली, "हमीदाकाकू कुठं आहेत?"

"झोपल्या असतील. तिचीच तब्येत बरी न्हाई बघ. मधी तिचं यंत्र सारखं कोकलायचं. भिंतीतनं मला ऐकू यायचं, मी दचकून उठायचो आणि जाऊन दार वाजवायचो. तर ही बाई ठणठणीत दारात उभी! आताशा वाजत न्हाई."

हमीदाकाकूंचं यंत्र वाजायचं तेव्हा श्वास कुणाचा थांबलेला असायचा, आणि त्या आवाजानं दचकून उठून पुन्हा श्वास कोण घ्यायचं, ते सुनेत्राला कळलं होतं.

"आप्पा, ऐका. यंत्र चुकलंय. ते तुमचा श्वास बघतच नाहीये. तुम्ही आत्ता दवाखान्यात जा."

"दिवाळीपास्नं ते बरोबर हुतं, आज चुकलं व्हय? उद्या म्हणशील आजचं चुकलं." ते चिडले नव्हते, दमले होते. "डॉक्टर पाचला बसतो. तवा जातो. तोवर जरा पडतो."

"पडू नका, आप्पा! बसून राहा."

"माणसानं जेवून पडूबी नये? येडी हायस." फोन बंद झाला. झोपताना फोन दुसऱ्या खोलीत कपाटावर ठेवायची त्यांची सवय होती. पुढचे सगळे फोन तिथंच वाजून गेले.

हमीदाकाकूंचा मुलगा अश्फाक मस्कतला बंदरावर क्रेन तपासायच्या कामाला होता. त्यानं पहिल्याच रिंगला उचललं.

"ताई? अम्मीला काही झालं?"

"त्यांना काही नाही. तुमच्या ॲपवर लाल खुणा येतात का?"

तो वैतागून हसला. "येतात म्हणजे? झोपली की लाल. दोनदा कोल्हापूरला नेलं तिला. रात्रभर वायरी लावून झोपवलं. डॉक्टर म्हणाले, बाईंचा श्वास माझ्यापेक्षा चांगला आहे. डबा गाढ झोपेतून उठवून सांगायचा, श्वास थांबला आहे. अम्मी त्याच्यावर ओरडायची, मी जिवंत हाय रे मेल्या! शेवटी मी आवाज बंद केला. सूचनाही बंद केल्या. रागावू नका, तुमच्या कंपनीचं आहे, पण—"

"अश्फाकभाई, तो श्वास अम्मीचा नाही. आप्पांचा आहे."

पलीकडून येणारा बंदरावरचा खणखणाट लांब गेला, तो आडोशाला चालला होता. मग तो हळू म्हणाला, "ताई, अलीकडे लाल खूप वाढलंय."

वैजयंती सरदेशमुख सगळ्या विभागाच्या प्रमुख. सुनेत्रा गाडीची चावी हातात घेऊनच त्यांच्यासमोर उभी राहिली आणि होतं ते सांगून टाकलं.

"मग दुरुस्ती पाठव ना. एका ओळीचं काम आहे," वैजयंती म्हणाल्या.

"पाठवता येत नाही. जुना आणि नवा, दोन्ही बोर्ड एकच नाव सांगतात. सगळ्यांची पत्रिका उलटी केली तर आज बरोबर चाललेली घरं बिघडतील. दुकानांत जुना माल अजून विकला जातोय, त्यामुळे कुठल्या घरात कुठला बोर्ड गेला, ते गोदामालाही सांगता येणार नाही."

"मग कळणार कसं?"

"माणसाला फोन करायचा आणि श्वास रोखायला सांगायचं. रेघ थांबली तर बरोबर. चालू राहिली तर ती दुसऱ्याची."

"घरोघर? सुनेत्रा, बोंब होईल. वर्तमानपत्रात येईल. आधी लॅबमध्ये खात्री करून घेऊ, सोमवारी बसू आणि—"

"तुमच्या आई यवतमाळला असतात ना? त्यांच्याकडं 'सोबत' आहे. त्यांना करा फोन."

वैजयंतींनी तिच्याकडे रागानं बघितलं. पण त्या उठल्या आणि फोन घेऊन काचेच्या दालनात गेल्या. बाहेरून आवाज येत नव्हता. आईला काहीतरी समजावून सांगताना त्या हसत होत्या, मग टॅबकडे बघत राहिल्या, आणि हसणं चेहऱ्यावर तसंच राहून गेलं. बाहेर आल्या तेव्हा त्यांचा आवाज बदललेला होता.

"थांबली नाही रेघ," त्या म्हणाल्या. "पलीकडे कोण राहतं, तेसुद्धा मला माहीत नाही." मग त्यांनी हॉलभर ऐकू जाईल असं सांगितलं, "सगळे हातातलं काम टाका आणि फोन घ्या. सुनेत्रा, तू नीघ."

पुण्याबाहेर हायवेला लागल्यावर गाडी आपली आपण चालायला लागली. त्यामुळे सुनेत्राला करायला काहीच उरलं नाही आणि तेच वाईट होतं. तिनं इचलकरंजीच्या रुग्णवाहिकेला फोन केला होता. ती दुसरा रुग्ण सोडून आत्ता कुठं निघाली होती, आणि आप्पांच्या दाराचं लॅच लागलेलं असणार. दुसरी किल्ली हमीदाकाकूंकडे होती आणि काकू भिंतीपलीकडे गाढ झोपल्या होत्या. हे मात्र सुनेत्राला नक्की ठाऊक होतं, कारण त्यांचा श्वास तिच्या पुढ्यात वरखाली होत होता. काकूंचा फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेला असायचा.

अश्फाक फोनवरच होता. आपल्या स्क्रीनवरून तो आप्पांची रेघ वाचून दाखवत होता.

"चालू आहे, ताई. उथळ आहे. झोपलेत वाटतं." मग म्हणाला, "आता मोठे मोठे घेतायत. आता लहान झाले. अजून लहान. थांबला."

बाहेर खंबाटकीचा घाट सरकत होता.

"थांबलाय अजून," अश्फाक म्हणाला. "अजून... आला! आला, ताई."

"माझ्याकडं अम्मी ठीक आहेत," ती म्हणाली. तो विचारत नव्हता, तरी तिला वाटलं त्याला सांगावं.

"बरं," तो म्हणाला. "पुन्हा थांबला."

मांडीवर लॅपटॉप उघडा होता. या दोन डब्यांची पत्रिका दुरुस्त करायला तिला कुणाची परवानगी नको होती. दोन्ही बोर्ड नवे आहेत हे तिला पक्कं माहीत होतं. पहिलीच्या जागी दुसरी आणि दुसरीच्या जागी पहिली, एवढंच लिहायचं. डबे बंद होऊन पुन्हा सुरू होतील, आणि मग आप्पांचा श्वास तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघता येईल. परक्या माणसाच्या तोंडून ऐकावा लागणार नाही. ओळ लिहून झाली होती. फक्त पाठवायची होती.

"आला," अश्फाक म्हणाला. "पण या वेळी फार वेळ लागला, ताई. आधीपेक्षा जास्त."

तिचं बोट बटणावर थबकलं. आपल्याला दिसेल, आणि दिसून आपण काय करणार आहोत? इथं घाटात बसून रेघ लाल झालेली बघणार. डबे सुरू होईपर्यंत तर तेही नाही. आप्पांच्या खोलीत डबा वाजेल, पण ते उठायच्या स्थितीत नसतील तर भिंतींनाच ऐकू जाईल. आणि आत्ता? आत्ता आप्पांचा श्वास थांबला की हाक कुठं जाते?

"अश्फाकभाई! अम्मींच्या डब्याचा आवाज तुम्ही कुठून बंद केलात?"

"ॲपमधून."

"सुरू करा. जेवढा मोठा होईल तेवढा करा."

त्याला कळायला क्षणभर लागला. मग तो काहीतरी पुटपुटला, देवाचं नाव असावं. तिनं लॅपटॉप मिटला.

"केला. आता चालू आहे त्यांचा, ताई. चालू असला तर वाजणार नाही."

मग त्या दोघांना त्याच गोष्टीची वाट बघत बसावं लागलं. बापाचा श्वास थांबावा म्हणून सुनेत्रा वाट बघत होती. असलं काही आयुष्यात आपल्या वाट्याला येईल असं तिला कधी वाटलं नव्हतं. तिला अश्फाकच्या श्वासाचा आवाज फोनमधून येत होता. तिच्या पुढ्यात हमीदाकाकूंची रेघ तशीच, कुणाचंच काही देणं नसल्यासारखी चालली होती.

"लहान होतायत," अश्फाक म्हणाला. "थांबला. थांबला, ताई. वाजत असेल आता."

हमीदाकाकूंची रेघ एकदम उसळली. दोनतीन मोठे, वेडेवाकडे श्वास. मग रेघ नाहीशी झाली आणि खाली अक्षरं आली: 'खोली रिकामी'.

"उठल्या!" सुनेत्रा ओरडली. "अम्मी उठल्या, खोलीत नाहीत!"

"अजून थांबलेलाच आहे इकडे."

"काकू आप्पांना ओळखतात. काकूंचं यंत्र काकूंना आधीही जागं करायचं, आणि दरवेळी आप्पाच दार वाजवायचे. आज त्यांनी वाजवलं नाही. जातील त्या, किल्ली घेऊन जातील." ती बडबडत होती. काकू नुसत्या पाणी प्यायला किंवा त्या डब्याला शिव्या देत मोरीत गेल्या असतील, हे तिलाही कळत होतं.

गाडीनं आपणहून वेग कमी केला, वळण घेतलं, पुन्हा वाढवला.

"ताई," तो म्हणाला. "दोन दिसतायत."

"काय दोन?"

"खोलीत दोन श्वास आहेत. एक खूप जोरात चाललाय, धावत आल्यासारखा. आणि एक हळू. पण आहे. आला, ताई."

रुग्णवाहिका पोचली तेव्हा दार सताड उघडं होतं. आप्पांच्या हृदयाची ताकद कमी झाली होती आणि छातीत पाणी साठत होतं. झोपेत श्वास थांबायचा तो त्यामुळेच. दिवाळीत कळलं असतं तर गोळ्यांवर भागलं असतं, असं डॉक्टर सुनेत्राला म्हणाले. ते सहज म्हणाले, पण तिला ते फार लागलं.

पुण्यात ऑफिसातले फोन चालूच होते. श्वास रोखा आजी, सोडा आता, हो, पुन्हा एकदा. कुणी रागावत होतं, कुणी हसत होतं. कितीतरी म्हातारी माणसं श्वासाचं झाल्यावरही फोन ठेवू देत नव्हती. काही घरांत नुसती रिंग वाजत राहायची आणि स्क्रीनवर 'श्वास नियमित' दिसत राहायचं. तिथं माणसं पाठवावी लागली. सगळीकडे ती वेळेवर पोचली नाहीत.

आप्पा घरी आल्यावर सुनेत्रा लॅपटॉप घेऊन हमीदाकाकूंच्या खोलीत बसली.

"काय करतेस?" काकूंनी विचारलं. त्यांनी तिच्यापुढं चहा आणि खारी ठेवली होती.

"तुमचं यंत्र तुमच्यासाठी करते, काकू. आप्पांचं आप्पांसाठी. चूक झाली होती माझ्याकडून."

"मग भाऊसाहेबांचा दम अडकला की आवाज कुठं येणार?"

"त्यांच्या खोलीत. आणि माझ्या फोनवर."

"तुझा बाप मला ठाऊक हाय. आवाज बंद करून कूस बदलेल, कुणाला सांगायचा न्हाई. आणि तुझ्या फोनवर येऊन तू काय करणार? पुण्यासनं येईस्तोवर?" काकूंनी हे टाकून बोलल्यासारखं म्हटलं नव्हतं. तरी सुनेत्रानं चहाचा कप बाजूला सरकवला.

"दोघांकडंही सूचना जाईल अशी सोय करता येईल," ती म्हणाली.

"हाय ती सोय मोडून परत सोय कशाला करतेस? राहू दे तसंच. माझं काय झालं तर त्यांना कळंल असं कर, म्हणजे झालं."

"ते तसंच आहे आत्ता."

"मग चहा पी."

सुनेत्रानं लॅपटॉप मिटला. आप्पांच्या डब्याचा आवाज तेवढा तिनं मोठा करून ठेवला. कंपनीच्या यादीत त्या दोन घरांपुढं 'दुरुस्त' अशी खूण आहे. ती खोटी आहे आणि सुनेत्राला त्याचं काही वाटत नाही.

आता ती रोज संध्याकाळी फोन करते. तिच्या स्क्रीनवर हमीदाकाकू दिसतात, अश्फाकच्या स्क्रीनवर आप्पा. तो मस्कतहून लिहितो, काका ठीक. ती लिहिते, अम्मी ठीक.

एका संध्याकाळी आप्पांनी फोन उचलला नाही. तिनं पुन्हा लावला. काकूंच्या खोलीची रेघ बघितली तर 'खोली रिकामी'. काकूंचाही फोन नुसता वाजत राहिला. तेवढ्यात अश्फाकचाच फोन आला.

"ताई, काकांच्या खोलीत दोन श्वास आहेत. एक अम्मी असणार. पण दुसरा... दुसरा विचित्र आहे. एकदम आत घेतात, मग कितीतरी वेळ काहीच नाही. मग पुन्हा एकदम. असा कधी पाहिला नाही मी."

"धरा फोन," ती म्हणाली आणि दुसऱ्या फोनवरून काकूंना पुन्हा लावला. वाजत राहिला, वाजत राहिला, आणि अखेर उचलला गेला.

"काकू! आप्पा—"

"श्श," काकू म्हणाल्या. "ऐक."

फोन कुठंतरी पुढं धरला गेला. आधी नुसती खरखर ऐकू आली. मग लांबून, पिंपासारख्या घुमणाऱ्या त्या खोलीतून, क्लॅरिनेटचा सूर आला. जुनाच, वरातीतला. थरथरत होता, पण लांबत चालला होता. लांबत, लांबत, आणि मध्येच तुटला.

सुनेत्रानं ओठ घट्ट मिटून घेतले. दोन्ही फोनमध्ये शांतता होती.

"थांबला," अश्फाक म्हणाला.

त्याला सूर ऐकू येत नव्हता, तो नुसती रेघ बघत होता. खोलीत कुणीतरी खोकलं, काकू काहीतरी म्हणाल्या, आप्पा हसल्यासारखे वाटले. मग एक मोठा, खोल श्वास आत घेतल्याचा आवाज तिला स्पष्ट ऐकू आला.

"आला, ताई," अश्फाक म्हणाला.